जुन्या पिकअपचं इंजिन ऑईल गळतंय, गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय तपासावं?

मंडळी, गाडी बाबांची आहे. २०११ची डिझेल पिकअप, एमएच ०४ पासिंग. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'कुठली गाडी दणकट' याच्यावर घसरेल. रात्री वाशीच्या एपीएमसीत भाजी भरायची आणि ठाणे-बेलापूर रोडने विटावा, कळवा करत पहाटे जांभळी नाक्याला खाली करायची, एवढाच तिचा धंदा.

पावसाळ्यापासून इंजिन आणि गिअरबॉक्स जोडले जातात तिथून, खालून, काळं ऑईल टपकतंय. सकाळी उभी केली की दुपारपर्यंत पंजाएवढा डाग. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवरून सेक्रेटरींनी दोनदा टोकलं, तेव्हापासून बाबा खाली भुसा पसरतात. आठवड्याला अर्धा लिटरच्या आसपास १५डब्ल्यू-४० इंजिन ऑईल वरून घालावं लागतं. ऑईलचा दिवा लागत नाही, धूर नेहमीइतकाच, क्लच ठीक.

रबाळ्याच्या एका मेकॅनिकने खाली वाकून टॉर्च मारला आणि दोन मिनिटांत निकाल दिला: "क्रँकचं मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." (म्हणजे क्रँकशाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला ऑईल अडवणारं सील.) मजुरी साडेसहा हजार, सामान वेगळं. "उतरवतोच आहोत तर क्लचप्लेटपण टाकून घ्या" हेही ओघाने आलंच. पैशांचं जमवू, पण गाडी दोन रात्री उभी राहील. गाळेवाल्यांनी एकदा दुसरा टेम्पो धरला की ते परत फिरत नाहीत. शिवाय मागच्या वर्षी दुसऱ्या एकाने असंच ठामपणे सांगून चेंबरचं (इंजिनच्या तळाच्या ऑईलच्या टाकीचं) पॅकिंग बदललं होतं. चार महिने बरे गेले, मग पुन्हा तेच.

खरंच सील गेलंय की वरून कुठून ओघळतंय, हे गिअरबॉक्सला हात न लावता कसं ओळखायचं?

प्रतिसाद १

जिथे टपकतं तिथेच गळत असतं असं नाही. ऑईल इंजिनच्या अंगावरून खाली उतरतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे जातं, म्हणून शेवटी सगळं बेल हाउसिंगच्या (इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरच्या कवचाच्या) तळाशीच जमतं. तुम्ही सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला भाग शोधा.

आधी थेंब बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑईल घट्ट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. तसं असेल तर क्रँकचं नाही, गिअरबॉक्सचं पुढचं सील बघायचं. इंजिन ऑईलच असेल तर गार इंजिन डिझेल आणि ब्रशने धुवा (अल्टरनेटरवर प्लास्टिक बांधून), पुसून पूर्ण कोरडं करा आणि साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. वीस मिनिटं गाडी फिरवा. पावडरवर ओघळ कुठून सुरू होतो ते स्पष्ट दिसतं.

प्रतिसाद २

दादा, अल्टरनेटरची पाठ बघितली का? बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांना ब्रेकचा व्हॅक्यूम पंप तिथेच असतो आणि त्याला इंजिन ऑईलची बारीक नळी जाते. नळीचे तांब्याचे वॉशर दबले की तिथूनही गळतं. ऑईल प्रेशरचा स्विच आणि फिल्टरची बैठकही हाताने चाचपा.

आणि ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारा पाइप! तो चोंदला की आतला दाब सील आणि पॅकिंगमधून वाट काढतो. मग नवीन पॅकिंगही टिकत नाही. तुमचं चार महिन्यांत परत गळायला लागलं म्हणून हे सांगतोय. इंजिन स्लो चालू ठेवून ऑईल भरायची टोपी सैल करा. टोपी उडायला लागली, भकाभक धूर आला, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या कडेने खाली इंजिनात उतरतोय. तो खर्च वेगळाच.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. रविवारी सगळं केलं. आईची पावडर अर्धी संपली, त्यावरून वेगळा धागा निघेल.

वास इंजिन ऑईलचाच. व्हॅक्यूम पंपाची नळी कोरडी. टोपी थोडी थडथडते, पण उडत नाही. ओघळ निघाला टॅपेट कव्हरच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला, जिथे टॉर्च मारूनही दिसत नाही. मोबाईल आत घालून फोटो काढला तेव्हा कळलं. ब्रीदरचा पाइप आतून फुगून चिकटलेला, फुंकर मारली तर हवा जाईना. पाइप आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग दोन्ही बदललं. संध्याकाळी काम झालं, रात्री गाडी वाशीला.

आता रोज खाली पुठ्ठा टाकतो. पाचव्या दिवशी डाग दोन रुपयांच्या नाण्याएवढा आहे, पण अजून बेल हाउसिंगखालीच. म्हणजे सीलही थोडं पाझरतंय का? गाडी आताच उभी करावी का?

प्रतिसाद १

जुनं साचलेलं ऑईलही काही दिवस टपकत राहतं. पुठ्ठ्यावर तारीख घालून ठेवा, डाग वाढतोय की कमी होतोय ते बघा. सील पाझरत असलं तरी इतक्यावर गिअरबॉक्स उतरवू नका. भरलेल्या गाडीने चढावर रेस वाढते पण वेग वाढत नाही, असं झालं की समजा ऑईल क्लचप्लेटपर्यंत पोचलं. तेव्हा सील आणि प्लेट एकदमच करा. तोवर रोज भरायला निघण्याआधी ऑईलची काडी बघायची, गाडी सपाटीवर उभी करून.

धागाकर्ता

चालेल. सोसायटीत उतार आहे, काडी एपीएमसीत पोचल्यावर दहा मिनिटं थांबून बघायला सांगतो. बाबा म्हणतात तसंही तिथे चहा होतोच.