शिफारस म्हणजे चौकशी नव्हे

फ्रीमेसन लॉजमध्ये (फ्रीमेसन या बंधुसंघाच्या शाखेत) नवा माणूस घ्यायला दोन सदस्यांची शिफारस असली की पुरे, चौकशी समिती म्हणजे वेळकाढूपणा, असं काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. सूचक आणि अनुमोदक बहुतेकदा उमेदवाराचे मित्रच असतात, उणी बाजू त्यांच्याकडून कळत नाही. समितीतल्या दोघातिघांनी घरी जावं, बायकोच्या समोर बोलावं. प्रवेश फी, वार्षिक वर्गणी, पोशाख, जेवणखर्च, दान असा पहिल्या वर्षाचा पूर्ण आकडा कागदावर लिहून द्यावा. माणसं गळतात ती इथेच, कारण फक्त फी सांगितलेली असते आणि बाकीचं नंतर कळतं. ईश्वरावर श्रद्धा आहे का, हे सरळ विचारायचं. ती कोणत्या धर्माची, हे नाही. का यायचंय, याला 'धंद्यात ओळखी वाढतील' असं उत्तर आलं तर अर्ज पुढे नेऊच नये.

मराठवाड्यात आणखी एक बघावं लागतं: हजेरी. तालुक्याहून साठ-सत्तर किलोमीटर येणारा माणूस रात्री सभा संपल्यावर परत कसा जाणार? जिनिंगवाला किंवा आडत्या दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मोकळा नसतो, त्याची दीक्षा, म्हणजे प्रवेशाचा विधी, उन्हाळ्यात ठेवा. बदलीच्या अधिकाऱ्याला किती वर्षं उरलीत ते आधी विचारा, नाहीतर तिसरी डिग्री, म्हणजे मेसनच्या तीन पायऱ्यांतली शेवटची, राहून जाते.

अर्जावरचं मतदान मात्र पेटीत पांढरी (होकार) किंवा काळी (नकार) गोळी टाकूनच, गुप्त. इंग्लंडच्या ग्रँड लॉजच्या (लॉजांच्या वरच्या संस्थेच्या) नियमात तीन काळ्या गोळ्या पडल्या की अर्ज बाद. लॉजच्या स्वतःच्या उपनियमांत ही संख्या दोन किंवा एकसुद्धा ठेवता येते. हात वर करून मत घेतलं तर सूचकाच्या भिडेनं कुणी नाही म्हणत नाही.