उन्हाळा सरल्यावर वळूपासून गायी गाभण का राहत नाहीत?

प्रश्न (पशुपालक, कंधार)
आमच्याकडे सव्वातीन वर्षांचा लाल कंधारी वळू आहे. मार्चपर्यंत त्याच्यापासून गायी बहुधा पहिल्याच वेळी गाभण राहत. जूनपासून मात्र बहुतेक गायी २१ दिवसांनी उलटत आहेत, म्हणजे पुन्हा माजावर येत आहेत. वळू चारा नीट खातो, गायीवर उत्साहाने उडतो, आणि पाऊस पडून हवाही गार झाली आहे. घरचे वडीलधारे त्याला विकून टाका म्हणतात. काय करावे?

उत्तर (पशुवैद्यक, उदगीर)
कृपया घाईने विकू नका. वृषण शरीरापेक्षा साधारण ४ ते ५ अंशांनी थंड राहिले तरच शुक्राणू नीट घडतात. एक शुक्राणू घडायला सुमारे ६१ दिवस लागतात आणि पुढे अधिवृषणात (वृषणाला लागून असलेल्या नलिकेत) परिपक्व होण्यास ८ ते ११ दिवस. म्हणजे मे महिन्याच्या कडक उन्हात जे घडत होते, तेच जुलैमध्ये बाहेर पडते, मग बाहेरची हवा कितीही गार होवो. उडण्याची इच्छा चांगली असली म्हणून वीर्य चांगलेच असेल असे नाही. वीर्य आताच तपासून घ्या आणि अडीच महिन्यांनी पुन्हा तपासा. लम्पी किंवा लाळ्या-खुरकूत होऊन ताप आला असेल, तर तेही पशुवैद्यकांना आवर्जून सांगा. गायी उलटण्यामागे नैसर्गिक रेतनातून पसरणारे रोगही असू शकतात; म्हणून ब्रुसेलासह (गर्भपात घडवणारा जिवाणूजन्य रोग) त्यांच्या चाचण्या होईपर्यंत वळू गायींवर सोडू नका, कृत्रिम रेतन करून घ्या.

उत्तर (देवणी पाळणारा, अहमदपूर)
वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. वळू दुपारी उघड्या पत्र्याखाली बांधला जात असेल, तर आधी ती जागा बदला. पत्र्यावर कडबा पसरावा किंवा लिंबाच्या सावलीत बांधावे, पाणी सतत समोर असावे. आपली देशी जनावरे काटक असतात, म्हणून त्यांना ऊन बाधत नाही असे आपण गृहीत धरतो, आणि त्याची किंमत वळू मोजतो. एक विचारायचे आहे : पुढचा वळू घरच्या गोऱ्ह्यांतून निवडताना काय पाहावे?

उत्तर (पशुवैद्यक, उदगीर)
देशी गोऱ्हे विदेशी जातींपेक्षा उशिरा वयात येतात, त्यामुळे वर्षाच्या गोऱ्ह्यावरून निर्णय घेऊ नये. पुढे एकाच वयाच्या गोऱ्ह्यांच्या वृषणांचा घेर टेपने मोजून तुलना करावी. दोन्ही वृषण सारखे आणि हाताला लवचिक लागले पाहिजेत. मात्र खरा पाया पहिल्या सहा महिन्यांतच पडतो. त्या काळात वासराची उपासमार झाली, तर नंतर कितीही पेंड चारली तरी वृषणांची वाढ पूर्ण भरून निघत नाही. ज्या गोऱ्ह्याला वळू करायचे आहे, त्याच्या वाट्याचे दूध डेअरीला घालू नका.