शब्दचर्चा : ‘सौम्य लाठीमार’ म्हणजे नक्की किती?

शहापूरकर (बेळगाव) :

१० डिसेंबर २०२४ रोजी बेळगावातल्या सुवर्ण विधानसौध या कर्नाटक विधिमंडळाच्या इमारतीजवळ लिंगायतांतल्या पंचमसाली समाजाच्या आरक्षण आंदोलनावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मागासवर्गीयांच्या २अ प्रवर्गात घेण्याची मागणी होती, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू होते. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. आपल्या भागात मराठी आणि कन्नड दोन्ही वर्तमानपत्रे घराघरात वाचली जातात, त्यामुळे तो इथेच विचारावासा वाटला.

कन्नडात ‘लघु लाठी प्रहार’ हा ठरून गेलेला शब्दप्रयोग आहे. मराठीत ‘सौम्य लाठीमार’. हिंदीत ‘हल्का बल प्रयोग’. तिन्ही भाषांनी काठीच्या आधी एक मऊ विशेषण बसवले आहे. हे ‘सौम्य’ नक्की कोण ठरवते? सौम्य ताप म्हटले की तापमापक असतो. सौम्य भूकंप म्हटले की रिश्टरचा आकडा असतो. लाठीमाराला असे कुठले माप आहे? काठी हातात धरणाऱ्याला सौम्य वाटले की पाठीवर घेणाऱ्याला?

शब्दकोशात फार काही हाती लागत नाही. ‘लाठी’ संस्कृत ‘यष्टि’पासून प्राकृत ‘लट्ठि’ होऊन आली. ‘काठी’ आली ‘काष्ठ’पासून. गंमतीचा भाग ‘बडगा’ आणि ‘बडवणे’चा आहे. कन्नडात ‘बडि’ म्हणजे मारणे आणि ‘बडिगे’ म्हणजे काठी, तेव्हा हे शब्द दोन्ही भाषांच्या एकाच घरातले दिसतात.

कायद्यात मात्र सौम्य आणि तीव्र असे प्रकारच नाहीत. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२९ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४८ आहे. बेकायदा जमावाला आधी पांगण्याचा आदेश द्यायचा. लोक पांगले नाहीत, किंवा पांगणारच नाहीत असे त्यांच्या वागण्यावरून दिसले, तर बळ वापरून पांगवायचे. आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो, ठाण्याचा प्रमुख अधिकारी देऊ शकतो आणि तो नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. म्हणजे बातमीने सांगायला हव्यात त्या गोष्टी या : आदेश दिला होता का, कोणी दिला, लोकांना ऐकू जाईल असा दिला का, आणि पांगायला वेळ दिला का. या चारही प्रश्नांची जागा एक ‘सौम्य’ खाऊन टाकतो.

खानापूरकर :

विशेषणाबद्दल पटले. पण मुळात नाम कोणते वापरायचे? ‘लाठीमार’, ‘लाठीहल्ला’ आणि ‘लाठीचार्ज’ हे तिन्ही एकाच वर्तमानपत्रात आलटून पालटून दिसतात. मला ‘लाठीहल्ला’ खटकतो. हल्ला म्हटले की पोलिसांचा हेतूच वाईट होता असे आपण बातमी लिहितानाच ठरवून टाकतो. दगडफेक चालू असताना पोलिसांनी काठ्या वापरल्या तर तो हल्ला कसा?

शहापूरकर :

‘हल्ला’ राखून ठेवावा या मताचा मीही आहे. पळत असलेल्या, खाली पडलेल्या किंवा घरात बसलेल्या माणसाला मारले तर तो हल्लाच. समोरासमोर जमाव असताना ‘लाठीमार’ पुरेसा आहे. ‘लाठीचार्ज’ बोलण्यात रुळला आहे, त्याला हरकत घेण्यासारखे काही नाही.

माझा खरा राग मात्र क्रियापदावर आहे. ‘पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला.’ या वाक्यातले ‘लागला’ बघा. मराठीत ‘मला जावे लागले’ म्हटले की माझ्यावर काहीतरी सक्ती होती हे वाक्यानेच मान्य केलेले असते. इथे मारणारा कर्ता ‘पोलिसांनी’चा ‘पोलिसांना’ होतो आणि प्रसंग जणू त्यांच्यावरच ओढवलेला असतो. दुसरा पर्याय उरला होता की नाही, हाच तर वादाचा मुद्दा. पोलीस म्हणतात उरला नव्हता, आंदोलक म्हणतात उरला होता. बातमीदाराने दोघांचे म्हणणे छापावे. तो मात्र एका बाजूचे म्हणणे व्याकरणात मुरवून टाकतो आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

हीच रचना दुसऱ्या बाजूला लावून पाहा : ‘आंदोलकांना दगड मारावे लागले.’ असे वाक्य कुठल्या वर्तमानपत्रात वाचल्याचे कोणाला आठवते का? मला तरी नाही. आंदोलक नेहमी दगडफेक ‘करतात’ आणि पोलिसांना लाठीमार ‘करावा लागतो’.

त्याचे धाकटे भावंड म्हणजे ‘झाला’. ‘लाठीमार झाला, त्यात काही जण जखमी झाले.’ पाऊस झाला तसा लाठीमार झाला. ‘झालेल्या गोळीबारात दोघांचा मृत्यू’ याचीही तीच जात. कन्नड बातम्यांत एक रचना बरी आहे : ‘पोलीसरु लाठी बीसिदरु’, म्हणजे पोलिसांनी लाठ्या फिरवल्या. कर्ता जागेवर आहे. पण फिरवलेली काठी कोणाला लागली ते तिथेही राहून जाते.

अनगोळकर :

मी पूर्वी इथल्या वर्तमानपत्रांसाठी बातम्या दिल्या आहेत, म्हणून थोडे आतले सांगतो. ‘करावा लागला’ हे बहुतेक वेळा बातमीदाराचे वाक्य नसते. पान लागायची वेळ झालेली असते, घटनास्थळी जाऊन आलेला माणूस एकच असतो, कधी तोही नसतो. हाताशी असते ते पोलिसांनी सांगितलेले किंवा त्यांच्या पत्रकातले. पत्रकात हेच वाक्य असते आणि ते जसेच्या तसे पानावर जाते. ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हे दोन शब्द जोडायला काही वेळ लागत नाही, पण मथळ्यात जागा कमी म्हणून पहिली कात्री त्यांनाच लागते. शिवाय तालुक्याच्या बातमीदाराला दुसऱ्या दिवशी त्याच ठाण्यात गुन्ह्यांची माहिती मागायला जायचे असते. हे कारण कोणी उघड बोलत नाही, पण ते आहे.

आणखी एक गोष्ट बातमीदारांना माहीत असायला हवी. १९६४ साली पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेने जमावावर बळ वापरण्याचे नमुना नियम स्वीकारले. लाठी शरीराच्या मांसल भागावर मारावी, डोके आणि गळ्याखालचे हाड शक्यतो टाळावे असे त्यांत आहे. त्यामुळे रुग्णालयात डोक्याला टाके पडलेले लोक असतील तर ‘सौम्य’ हा शब्द पोलिसांच्या स्वतःच्याच नियमाला धरून राहत नाही. जखमींची यादी आणि पोलिसांचे पत्रक शेजारी ठेवले की बातमी आपोआप वेगळी लिहिली जाते.

निपाणीकर :

चर्चा चांगली चालली आहे, पण कडू भाग अजून कोणी काढलेला नाही. आपण मराठी वाचक ‘सौम्य’वर रागावतो ते काठी आपल्या पाठीवर असते तेव्हा. २०१४ च्या जुलैमध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूर गावात ‘महाराष्ट्र राज्य’ फलकावरून जे झाले, त्या वेळी मराठी बातम्यांत ‘अमानुष’, ‘कर्नाटकी पोलिसांचा’ आणि ‘दडपशाही’ हे शब्द होते. पोलीस घरांत शिरून मारत होते, त्यामुळे ‘अमानुष’ला आधार होता हे मी मानतो. कन्नड बाजूचा भर होता तो फलक हटवण्याच्या न्यायालयाच्या आदेशावर आणि दगडफेकीवर. आदेश होता हेही खरे. पण एकीकडच्या वाचकाला आदेश कळला नाही आणि दुसरीकडच्याला घरांत शिरलेले पोलीस कळले नाहीत. एका गावातली एकच घटना, आणि दोन भाषांचे शेजारी दोन वेगळ्या घटना मनात धरून बसले.

कन्नड वाहिन्यांवर महाराष्ट्र एकीकरण समितीच्या कार्यकर्त्यांना सर्रास ‘पुंडरु’ म्हणतात, त्यांच्या आंदोलनाला ‘पुंडाटिके’. हा शब्द आपल्याला परका नाही, आपला ‘पुंड’ आणि ‘पुंडाई’ तोच. आणि आपल्याकडे कन्नड संघटनांसाठी ‘कानडी गुंडांचा हैदोस’ तयारच असतो. ‘पुंड’ किंवा ‘गुंड’ म्हटल्यावर पुढच्या ओळीतली काठी आपोआप योग्य ठरते, मग ‘सौम्य’ लिहायचीही गरज राहत नाही. माणसाला काय म्हटले आहे ते आधी पाहा. ‘गावकरी’, ‘आंदोलक’, ‘जमाव’, ‘हुल्लडबाज’ आणि ‘समाजकंटक’ ही उतरंड आहे. जसजसे खाली जावे तसतशी मार खाणाऱ्याची माणुसकी कमी होत जाते.

१९८१ च्या एप्रिलमध्ये आमच्या निपाणीत शरद जोशींच्या नेतृत्वाखालच्या तंबाखू आंदोलनावर गोळीबार झाला. महामार्गावर बसलेल्यांत मराठी बोलणारे होते आणि कन्नड बोलणारेही. इथे आजही लोक त्याला शेतकऱ्यांवरचा गोळीबार म्हणतात. तिथे भाषेचे विशेषण कोणाला सुचत नाही, कारण रस्त्यावर बसलेले दोन्हीकडचे होते.

शहापूरकर :

निपाणीकर, तुमचे म्हणणे मान्य. म्हणूनच मी सुरुवात येळ्ळूरने केली नाही, पंचमसाली आंदोलनाने केली. त्या दिवशी मार खाणारे मराठी नव्हते. आपण त्या बातमीतल्या शब्दांना तेवढ्याच काटेकोरपणे जोखले का? मला वाटते, नाही. ‘त्यांचे आपसातले’ म्हणून पान उलटले. शब्दाची कसोटी लावायची तर ती पाठ कोणाची आहे हे न बघता लावावी लागेल, एरवी ही शब्दचर्चा राहत नाही, पक्षचर्चा होते.

खानापूरकर :

हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. २५ मे २०२० ला अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला. पोलिसांच्या पहिल्या पत्रकाचा मथळा साधारण असा होता : ‘पोलिसांशी संबंध आला असताना वैद्यकीय घटनेनंतर इसमाचा मृत्यू’. गुडघा नाही, मान नाही. सतरा वर्षांच्या एका मुलीने मोबाइलवर चित्रण केले नसते तर बातमी तेवढीच राहिली असती. येळ्ळूरची चित्रफीत फिरली नसती तर तिथेही ‘सौम्य’वरच थांबले असते, असे मला वाटते.

एक शंका. ‘चकमक’ या शब्दाचे काय?

शहापूरकर :

चकमक म्हणजे मूळ गारगोटी, तुर्की ‘चकमाक’वरून फारसीमार्गे आलेला शब्द. दगडावर पोलाद घासल्याशिवाय ठिणगी पडत नाही, म्हणून दोन बाजूंच्या झटापटीला तो शोभतो. एकाच बाजूने गोळी चालली असेल तर ‘चकमक’ चूक आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरील अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने सुनावणीत याला चकमक म्हणता येणार नाही असे बोलून दाखवले होते. बातम्यांमध्ये मात्र पहिल्या तासापासून ‘एन्काउंटर’ हाच शब्द होता, आणि काही ठिकाणी त्याला आनंदाची झालर होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंच्या तपासासाठी सोळा सूचना घालून दिल्या आहेत. गुन्हा नोंदवणे आणि दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडून किंवा सीआयडीकडून स्वतंत्र तपास या त्यांतल्या मुख्य. तो तपास पुरा होईपर्यंत ‘पोलिसांच्या गोळीने मृत्यू’ एवढेच खात्रीचे असते, आणि तेवढेच लिहावे.

अनगोळकर :

यात ‘प्रसाद’ आणि ‘खाक्या’ही घ्या. २०२० च्या टाळेबंदीत ‘विनाकारण फिरणाऱ्यांना लाठीचा प्रसाद’ हे मथळे रोज येत होते. औषध आणायला निघालेला माणूसही त्या ‘विनाकारण’मध्ये बसत होता.

‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्हा कबूल केला’ हे वाक्य तर गुन्हेवृत्ताच्या पानावर नेहमीचे. त्याचा सरळ अर्थ घ्या : ठाण्यात मारहाण केली आणि कबुली घेतली. पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचे कलम २५ होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २३. आणि कबुलीसाठी इजा करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचे कलम १२०. म्हणजे बातमीदार पोलिसांनी केलेला एक गुन्हा छापतो आणि तोही कौतुकाने. हा वाक्प्रचार मराठी वर्तमानपत्रांनी आजच सोडावा. त्यासाठी कोणत्याही न्यायालयाची वाट पाहायची गरज नाही.

निपाणीकर :

शेवटचा प्रश्न माझा. ‘हुतात्मा’ बातमीत लिहावा का? १७ जानेवारी १९५६ च्या गोळीबारात गेलेल्यांना आपण हुतात्मे म्हणतो, कन्नडसक्तीच्या विरोधात १९८६ च्या जूनमध्ये गेलेल्यांना हिंडलग्याच्या स्मारकावर हुतात्मे म्हणतो. पण घटनेच्या दिवशीच्या बातमीत तो शब्द आला तर तोही पक्षच झाला ना?

शहापूरकर :

घटनेच्या दिवशी ‘पोलिसांच्या गोळीबारात ठार’ असेच लिहावे. ‘हुतात्मा’ हा शब्द समाज पुढे देतो, आणि तो देण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

पण दरवर्षी १७ जानेवारीला जी बातमी येते, तिच्याबद्दल माझी उलट तक्रार आहे. ‘हुतात्म्यांना अभिवादन, पुष्पचक्र अर्पण, मान्यवर उपस्थित’. त्यात गोळी कोणी चालवली, कोणत्या सरकारचे पोलीस होते, लोक कशासाठी रस्त्यावर आले होते, यातले काहीच नसते. आदराच्या शब्दानेही कर्ता पुसला जातो. आज अठरा वर्षांचा मुलगा ती बातमी वाचतो तेव्हा हे लोक कशाने गेले तेही त्याला कळत नाही. पुढच्या १७ जानेवारीला बातमी देणाऱ्यांनी एक पूर्ण वाक्य जरूर घालावे : मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची आणि त्यात बेळगाव असण्याची मागणी करणाऱ्या लोकांवर १९५६ मध्ये पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि त्यात हे लोक मेले. त्यानंतर मान्यवरांची नावे.