यान चालवणाऱ्यांच्या डोळ्यांवर व्हीआर हेडसेट हवा का?

रानवारा:
माझ्या मते हवाच. मार्च २०२० मध्ये नासाच्या जेपीएल या संस्थेची, मंगळावर फिरणारी क्युरिऑसिटी रोव्हर ही गाडी चालवणारी टीम घरून काम करू लागली. मंगळाची त्रिमितीय चित्रं बघायचे खास गॉगल आणि त्यांना लागणारे दणकट कॉम्प्युटर ऑफिसातच राहिले. मग लाल-निळ्या काचांचे साधे चष्मे लावून त्यांनी खडक निरखले, आणि रोव्हरने ठरल्या जागी भोक पाडलं. सपाट चित्रावर भागत असतं तर हा खटाटोप कशाला केला असता? त्याच संस्थेने २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स हेडसेटसाठी ‘ऑनसाइट’ हे सॉफ्टवेअर आणलं. शास्त्रज्ञ त्यात मंगळावर जणू चालायचे, खडकाला वळसा घालून बघायचे.

आणि २५ जून १९९७ आठवा. मीर या रशियन अंतराळ स्थानकात बसून तिथले कमांडर त्सिब्लियेव्ह पडद्यावर बघत प्रोग्रेस मालवाहू यान हाताने जोडत होते. वेगाचा अंदाज चुकला, यान स्थानकाच्या स्पेक्तर या भागावर आदळलं, हवा गळायला लागली. अशा कामाला नुसता सपाट पडदा देणं चूकच.

शिफ्टवाली:
मीरचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. त्या दिवशी अंतर आणि वेग सांगणारा रडार बंद ठेवला होता. खिडकीतून यान दिसेना, म्हणून हातातल्या लेझरनेही अंतर मोजता येईना. आकडाच नव्हता हो! एका कॅमेऱ्याचं तेच चित्र हेडसेटमध्ये घातलं असतं तर खोलीचा, म्हणजे अंतराचा अंदाज कुठून आला असता?

मी केमिकल प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्ट करते. गेल्या पावसाळ्यात रात्री तीनला एका पंपाचं प्रेशर हळूहळू उतरत होतं, अलार्म अजून वाजला नव्हता. मला कळलं ते पडद्यावरच्या ट्रेंडच्या, म्हणजे आलेखाच्या रेषेवरून, आणि शेजारच्या दादांनी खुर्ची पुढे ओढली त्यावरून. हेडसेट असता तर ती खुर्ची मला दिसली नसती. यानाची तब्येतही व्होल्टेज आणि तापमानाच्या रेषांवरूनच कळते.

ध्रुवमत्स्य:
मंगळापर्यंत सिग्नल जायला ३ ते २२ मिनिटं लागतात. जॉयस्टिक धरून तिथे कुणी काही चालवत नाही, दिवसभराच्या कमांड एकगठ्ठा जातात. चांद्रयान-३ चा विक्रमही शेवटच्या टप्प्यात आपला आपणच उतरला.

रानवारा:
रडारचा मुद्दा मान्य, माझं उदाहरण कच्चं होतं. पण जॉयस्टिकचं मी बोललोच नाही. उशीर होतो म्हणूनच तर गठ्ठा पाठवण्याआधी जागा नीट बघावी लागते. एकदा चाक वाळूत रुतलं की संपलं. ताई, तुमच्या रेषा पडद्यावरच राहू द्या. जमीन आणि रोबोटिक हात तेवढा हेडसेटमध्ये द्या.

शिफ्टवाली:
एवढं चालेल, पण एका अटीवर. खडकाला वळसा घालता म्हणता, पण जी बाजू रोव्हरने पाहिलीच नाही तिचं काय? तिथे सॉफ्टवेअरने गुळगुळीत दगड भरून दाखवला, तर पहाटेचा थकलेला माणूस तोच खरा धरणार. जे मोजलेलं नाही ते काळंच दिसायला हवं.

रानवारा:
काळं असू द्या. पण त्या काळ्या जागेच्या किती जवळून चाक न्यायचं, हे मी हेडसेट लावूनच ठरवेन.