ऑलिम्पिकची हौस आणि ऑलिम्पिकचं बिल

जमाखर्च
परवा कामावर वाद झाला आणि मी एकटा पडलो, म्हणून इथे धागा काढतोय. विषय साधा आहे. ऑलिम्पिक, आशियाई, राष्ट्रकुल यांसारखी एखादी मोठी बहुक्रीडा स्पर्धा आपल्या देशात भरवण्यात देशाचं भलं असतं का?

माझं मत: नसतं. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण हौस एकाची आणि बिल दुसऱ्याच्या नावावर, असा हा प्रकार आहे. माँट्रियल 1976 चं उदाहरण घ्या. तिथले महापौर ज्याँ द्रापो छातीठोकपणे म्हणाले होते की पुरुषाला मूल होणं जितकं शक्य, तितकीच ऑलिम्पिकमध्ये तूट येणं शक्य. पुढे सुमारे दीडशे कोटी कॅनेडियन डॉलरचं कर्ज झालं. ते फेडायला तंबाखूवर कर लावला आणि ते फिटलं 2006 मध्ये. म्हणजे उद्घाटनाच्या वर्षी जन्मलेलं मूल तिशीत आलं तेव्हा. स्टेडियमचा मनोरा स्पर्धेपर्यंत झालाच नाही, तो 1987 साली पूर्ण झाला. आणि यजमान कॅनडाला त्या स्पर्धेत सुवर्णपदक एकही नाही!

हा अपवाद म्हणाल तर ऑक्सफर्डच्या बेंट फ्लुबिया यांच्या गटाचा अभ्यास आहे. 1960 नंतरच्या ज्या ज्या ऑलिम्पिकचे आकडे त्यांना मिळाले, त्यातल्या प्रत्येकाने अंदाजपत्रक ओलांडलंय. एकाही अपवादाविना. धरण, पूल, बोगदे यांतही खर्च वाढतो, पण कधीतरी एखादं काम अंदाजात बसतं. इथे तेवढंही नाही.

उंटावरचा शहाणा
आलं का माँट्रियल! गेली पन्नास वर्षं हेच एक रडगाणं. बार्सिलोनाचं नाव काढा की कधी.

1992 पूर्वी त्या शहराला समुद्र होता, पण असून नसल्यासारखा. किनाऱ्यालगत रेल्वेचे रूळ, गोदामं, बंद पडलेले कारखाने. ऑलिम्पिकच्या निमित्ताने रूळ हलवले, रिंगरोड झाले, विमानतळ वाढवला आणि शहराला पुळण मिळाली. आज लोक तिथे सुट्टीला जातात, त्यांना स्पर्धा आठवतही नसेल. खर्चाचा मोठा वाटा मैदानांवर नव्हताच, शहरावर होता.

2012 च्या ऑलिम्पिकचा लंडनचा स्ट्रॅटफर्ड भाग बघा. उद्योगांनी नासवलेली जमीन, डोक्यावर विजेच्या तारा. तिथली माती अक्षरशः धुऊन काढली, तारा जमिनीखाली घातल्या. हे काम आधी कुणी का केलं नाही? कारण तारीख नव्हती. सरकारी काम तारखेशिवाय होत नाही आणि ऑलिम्पिकची तारीख मंत्र्यालाही पुढे ढकलता येत नाही. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाची खरी कमाई तीच आहे. पदकं, मानसन्मान वगैरे नंतर.

जमाखर्च
शहाणेबुवा, मुद्दा चांगला आहे, पण तो उलटाही चालतो. तारीख हलत नाही हे तुम्हाला ठाऊक, तसं कंत्राटदारालाही ठाऊक असतं. शेवटच्या वर्षात तो मागेल ती रक्कम द्यावी लागते, कारण "पुढच्या वर्षी बघू" म्हणायची सोय नसते. घरात लग्नाची तारीख ठरली की मांडववाला कसा बोलतो, आठवा. लंडनने बोली लावताना 240 कोटी पौंड सांगितले होते. 2007 मध्ये तेच अंदाजपत्रक 930 कोटी झालं आणि मग स्पर्धा "अंदाजात बसली" म्हणून सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली.

आणि बार्सिलोनाचा आराखडा स्पर्धेमुळे जन्मला नव्हता. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको गेल्यावर शहराने आपल्याला काय हवंय ते ठरवायला घेतलं होतं, ऑलिम्पिक त्याला जोडलं. बाकीचे उलट करतात. आधी स्पर्धा आणतात, मग शहराला काय हवंय ते शोधतात.

चौथी लेन
मी इथे सहसा वाचनमात्र असते. पण एका अशा स्पर्धेत जलतरणाच्या ठिकाणी स्वयंसेवक होते, म्हणून लिहिते. शहराचं नाव सांगत नाही.

माझं काम टोपल्यांचं. जलतरणपटू स्टार्टिंग ब्लॉकमागे येतात, जॅकेट, चपला, हेडफोन टोपलीत टाकतात. शर्यत सुरू झाली की आम्ही आठ जणांनी आठ टोपल्या उचलून रांगेत बाहेर पडायचं. दिवसात तीसेक वेळा. कुणाच्या टोपलीत टेडी बेअर असायचं, एकीच्या टोपलीत आईचं पत्र. त्या पंधरवड्याबद्दल कुणी "काय मिळालं" असं विचारलं, तर मला पैशांत उत्तर देता येत नाही. द्यावंसंही वाटत नाही.

पण आठ वर्षांनी भाचीला पोहायला शिकवायला तिथेच नेलं. मुख्य तलाव चालू होता, निळाशार. शिकणाऱ्यांसाठी मात्र बंद! कारण तो टोकापासून टोकापर्यंत तीन मीटर खोल. मूल उभं कुठे राहणार? शेजारी सरावाचा उथळ तलाव होता, तो कोरडा. फरशा निघालेल्या, कोपऱ्यात सुकलेली पानं. दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणाले. म्हणजे वर्षातून एखादी शर्यत होते तो चालू, आणि रोज शंभर मुलं शिकली असती तो बंद.

नंतर वाचलं की लंडनच्या जलतरण केंद्रात तलावाचा तळच वरखाली करता येतो. मूल कमरेएवढ्या पाण्यात उभं राहू शकतं. स्पर्धेपुरती 17,500 माणसं बसतील असे तात्पुरते पंख इमारतीला लावले होते, ते नंतर काढले. हे नकाशा काढतानाच ठरवावं लागतं. आमच्याकडे कुणी ठरवलं नाही, इतकंच.

रिकामटेकडी
चौथी लेन, टोपल्यांवर वेगळा धागा काढाच.

आडवाटसरू
तुम्ही सगळे तलावात अडकलात. घरं गेली त्यांचं काय? रिओमध्ये ऑलिम्पिक पार्कला लागून विला ऑतोद्रोमो नावाची वस्ती होती. शेकडो कुटुंबं. स्पर्धा येईपर्यंत बुलडोझर फिरले. अखेरपर्यंत चिवटपणे टिकलेल्या वीस कुटुंबांना तिथेच नवी घरं मिळाली. बाकीचे पांगले. आणि हे कोणत्या काळात? स्पर्धा सुरू व्हायला दोन महिनेही उरले नव्हते तेव्हा रिओ राज्याने आपण आर्थिक आपत्तीत आहोत असं जाहीर केलं होतं. जून 2016. पोलिसांचे, शिक्षकांचे पगार थकलेले आणि तिकडे आतषबाजीची तयारी.

सायकलिंगचा वेलोड्रोम बांधला. त्याचा ट्रॅक लाकडी, उतार भिंतीसारखा. लाकूड वाकू नये म्हणून आतली हवा सतत सांभाळावी लागते, सायकलस्वार असोत नसोत. 2017 मध्ये कुणीतरी सोडलेला कागदी आगफुगा छतावर पडला आणि छप्पर जळालं. याला वारसा म्हणतात. असो, रक्तदाब वाढतो.

उंटावरचा शहाणा
@आडवाटसरू, विला ऑतोद्रोमोवर माझ्याकडे उत्तर नाही आणि देणारही नाही. ते अक्षम्यच.

पण मूळ प्रश्न भरवावं का हा आहे, वाईट पद्धतीने भरवावं का हा नाही. वाईट बांधलेल्या पुलांवरून पूलच नकोत असं कुणी म्हणत नाही.

आडवाटसरू
पुलावरून रोज माणसं जातात हो. ही वरात सतरा दिवसांची.

रिकामटेकडी
मला एक भाबडा प्रश्न. पदकांचं काय? घरच्या मैदानावर पदकं वाढतात, ती बघून पोरं खेळायला लागतात, असं म्हणतात ना? दिल्लीच्या 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला 101 पदकं होती, 38 सुवर्ण. तो आकडा अजून पाठ आहे माझा.

जमाखर्च
भाबडा नाही, कळीचा आहे. ब्रिटनला 1996 च्या अटलांटात मिळून सुवर्ण किती? एक. पदकतक्त्यात 36 वा क्रमांक. दुसऱ्या वर्षीपासून राष्ट्रीय लॉटरीचा पैसा थेट खेळाडूंकडे, प्रशिक्षकांकडे वळवला. 2008 ला बीजिंगमध्ये, म्हणजे परक्या मैदानावर, 19 सुवर्ण! तेव्हा लंडनचं स्टेडियम अजून उभंही नव्हतं. पदकं पगारी प्रशिक्षकांनी आणली, मांडवाने नाही. खेळाडू घडवायचे तर खेळाडूंवर खर्च करा. त्यासाठी जगाला जेवायला बोलवावं लागत नाही.

उंटावरचा शहाणा
अर्धं सांगितलंत. 2005 मध्ये यजमानपद मिळाल्यावर तो पैसा आणखी वाढवला गेला. घरच्या पाहुण्यांपुढे नाक कापून घ्यायचं नाही, म्हणून. 2016 ला रिओत ब्रिटनने 67 पदकं घेतली, लंडनपेक्षा दोन जास्त. यजमानपदानंतर लगेचच्या उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये पदकं वाढवणारा तो पहिला देश. नुसत्या लॉटरीने झालं म्हणता, पण लॉटरीचा पैसा खेळावरच टिकून राहायला कारण लागतं.

चाकावरून
मी व्हीलचेअरवर असतो, म्हणून माझा हिशेब वेगळा. ज्या शहरात ऑलिम्पिक, त्याच शहरात पॅरालिम्पिक होतात, सोल 1988 पासून. हे तुमच्यापैकी कुणाच्याच जमाखर्चात दिसलं नाही.

टोक्योने स्पर्धेच्या आधी स्थानकांत लिफ्ट वाढवल्या, शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनच्या नव्या गाड्यांत व्हीलचेअरच्या जागा वाढवल्या. 2021 मध्ये स्पर्धा झाली ती रिकाम्या स्टेडियममध्ये, महामारीमुळे. तिकिटांचे पैसे बुडाले, पर्यटक आले नाहीत, सगळा फायदा पाण्यात, असं जो तो म्हणाला. लिफ्ट मात्र चालू आहेत. मला प्रेक्षक नकोत, लिफ्ट हवी.

आता दुसरी बाजूही मीच सांगतो. पॅरिसच्या 2024 च्या पॅरालिम्पिकमध्ये मेट्रोची फक्त 14 नंबरची लाइन पूर्णपणे आमच्या उपयोगाची होती. इतक्या जुन्या जाळ्यात लिफ्ट बसवणं स्पर्धेला झेपलं नाही. म्हणजे तारीख येते तेव्हा सोपं ते होतं, अवघड ते राहून जातं. स्टेशनपासून स्टेडियमपर्यंत उतार होतो. माझ्या घरापासून दवाखान्यापर्यंतचा होत नाही.

जमाखर्च
@चाकावरून, हे खरंच माझ्या डोक्यात नव्हतं. नोंद घेतली.

तरी एक विचारतो. इतका फायदा असेल तर शहरं पळतात का? 2024 साठी हॅम्बुर्गच्या लोकांनी मतदानात नकार दिला, बॉस्टन, रोम, बुडापेस्ट यांनी माघार घेतली. उरले पॅरिस आणि लॉस एंजेलिस. आयओसीने, म्हणजे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने, 2017 मध्ये दोघांना एकेक देऊन टाकलं, 2024 आणि 2028. 2026 च्या राष्ट्रकुल स्पर्धा घेतलेल्या ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने 2023 मध्ये हात वर केले आणि न भरवण्यासाठी 38 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई मोजली. तरीही ते स्वस्तच पडलं म्हणाले!

उंटावरचा शहाणा
आणि तिथेच तुमचा मुद्दा माझ्या बाजूला येतो, बघा.

1984 ची गोष्ट. माँट्रियलचा फज्जा ताजा होता. तेहरानने माघार घेतल्यावर उरलं एकटं लॉस एंजेलिस. आयओसीला दुसरा कुणी नव्हता. शहराच्या मतदारांनी 1978 मध्येच सनदेत दुरुस्ती करून ठेवली होती की भरपाई होणार नसेल तर शहराचा पैसा ऑलिम्पिकवर खर्च करायचा नाही. एरवी तुटीची सगळी हमी शहराकडून लिहून घेतात, इथे आयओसीला नमतं घ्यावं लागलं. 1932 च्या ऑलिम्पिकचंच कोलिझियम स्टेडियम वापरलं, खेळाडूंना विद्यापीठांच्या वसतिगृहांत ठेवलं. 20 कोटी डॉलरहून जास्त शिल्लक राहिली. लोक म्हणतात आयोजन समितीचे प्रमुख पीटर उबेरॉथ फार हुशार. असतील. पण खरी ताकद अशी की त्या शहराला "नको" म्हणायची भीती नव्हती.

आज शहरं पळताहेत म्हणून पुन्हा तीच वेळ आलीय. पॅरिसमध्ये 95 टक्के ठिकाणं आधीची किंवा तात्पुरती होती. पोहण्याच्या शर्यती रग्बीच्या स्टेडियममध्ये तलाव मांडून घेतल्या आणि नंतर तलाव काढून टाकला. व्हिक्टोरियाने सोडलेली स्पर्धा ग्लासगोने घेतली ती 10 खेळ आणि चार ठिकाणं एवढीच. झेपेल तेवढंच.

आडवाटसरू
पॅरिसने सेन नदीवर 140 कोटी युरो घातले आणि तरी पुरुषांची ट्रायथलॉन पाणी घाण म्हणून एक दिवस पुढे ढकलावी लागली. तुमची न हलणारी तारीख!

उंटावरचा शहाणा
हलली. पण 2025 च्या जुलैत त्याच नदीत सामान्य लोक उतरले, 1923 पासूनची बंदी उठवून.

जमाखर्च
बरं. उद्या कामावर जाऊन मी आता "कधीच नको" म्हणणार नाही. "तुटीची हमी कोण लिहून देतंय ते आधी दाखवा" एवढंच म्हणेन. शहाणेबुवांनी हसू नये, हे मतांतर नाही, शुद्धिपत्र आहे.

पण तारखेचं कोडं सुटत नाही. स्पर्धा न भरवताच तारीख लावता येत नाही का? अमुक दिवशी नदी साफ, लिफ्ट चालू, तलाव उघडा. जाहीर करून टाकायचं.

रिकामटेकडी
आणि त्या दिवशी बघायला येणार कोण?

चौथी लेन
मी येईन. टोपली घेऊन.