आण्णांचा मोबाइल नंबर चालू ठेवावा का?

प्रश्न
थोरली लेक, कसबा बावडा

आमचे वडील, ज्यांना आम्ही घरात आण्णा म्हणत असू, गेल्या श्रावणात वारले आणि पुढच्या महिन्यात त्यांचे वर्षश्राद्ध आहे. माझे माहेर कोल्हापुरातल्याच शिवाजी पेठेत असून तेथे आई, आण्णांची आई म्हणजे आमची ऐंशी ओलांडलेली आजी, आणि धाकटा भाऊ व त्याचे कुटुंब राहते. आण्णांचा मोबाइल अजून चालू आहे. देवघराच्या कोनाड्यात, त्यांच्या तसबिरीखाली तो ठेवलेला असतो. आई रोज रात्री तो न चुकता चार्जिंगला लावते आणि पहाटे साडेपाचला, रंकाळ्यावर फिरायला जाण्यासाठी आण्णांनी लावून ठेवलेला गजर वाजला की उठून बंद करते. तो गजर काढून टाकू या, असे मी एकदा सुचवले, तेव्हा "मग मला उठवणार कोण?" एवढेच ती म्हणाली.

आता रिचार्ज संपत आले आहे आणि घरात एकमत नाही. भावाच्या मते नंबर चालूच राहिला पाहिजे, कारण आण्णांचे सहकारी बँकेतील बचत खाते आणि मुदतठेव त्याच नंबराशी जोडलेली आहे. पेन्शनचे खाते वेगळे होते व आईचे कुटुंबनिवृत्तिवेतन सुरू झाले आहे. परंतु या सहकारी बँकेला आण्णा गेल्याचे आम्ही अजून कळवलेलेच नाही. रक्षाविसर्जनाच्या आदल्या दिवशी औषधांच्या उधारीचे ११,४०० रुपये भावाने त्याच फोनवरून यूपीआयने दिले. पिन त्याला ठाऊक होता. ठेवीवर नॉमिनी म्हणून त्याचेच नाव असल्याने रक्कम आपलीच आहे, असे तो धरून चालला आहे आणि बँकेत द्यायच्या अर्जावर त्याने माझी सही मागितली आहे.

चुलत्यांचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. गेलेल्या माणसाच्या हातातली वस्तू वर्षाच्या आत घराबाहेर गेली पाहिजे, नाहीतर जीव तिच्यात अडकून राहतो, असे ते सांगतात. त्यात माझ्या मुलाने, जो अभियांत्रिकीला आहे, नवीनच गोष्ट काढली आहे. आण्णांनी पाठवलेले त्रेचाळीस व्हॉइस मेसेज त्या फोनमध्ये आहेत. त्यांवरून संगणकाकडून आण्णांचा आवाज तयार करून घेता येईल आणि वर्षश्राद्धाला जमलेल्या पाहुण्यांशी आण्णा दोन मिनिटे बोलतील, असे तो म्हणतो. आईने यावर होय किंवा नाही काहीच म्हटले नाही. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे मुलाला सांगता आले नाही. जाणत्या मंडळींनी आपले मत कळवावे.

उत्तर १
निवृत्त बँक कर्मचारी, राजारामपुरी

ताई, सर्वांत आधी एक करा: त्या अर्जावर सही करण्यापूर्वी त्यातली प्रत्येक ओळ वाचा. मी तीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो आहे, आणि नॉमिनी म्हणजे मालक हा समज मला बी.कॉम. झालेल्या माणसांकडूनही ऐकावा लागला आहे. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा हात आहे. बँकेने त्याला रक्कम दिली की बँकेची जबाबदारी संपते; वारसांचा हक्क संपत नाही. बँक खात्यांपुरते हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आणि शेअर व म्युच्युअल फंडांच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा तेच सांगितले. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्यावर चार नॉमिनी लावता येतात, म्हणून मालक चार झाले असे कोणी समजू नये. विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर निराळा नियम आहे. तो येथे लावू नका.

आण्णांनी मृत्युपत्र केले नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यांच्या स्वकष्टार्जित पैशाचे आपल्या घरात चार समान वाटे होतात: आईचा, भावाचा, आपला आणि आजीचा. आजीला लोक हमखास विसरतात. मुलगा आईच्या आधी गेला तर आई पहिल्या वर्गातली वारस असते, हे कायद्यात असले तरी पाटाभोवती बसलेल्या कोणाच्याही ध्यानात नसते, आणि त्या बिचारीला कोणी विचारतही नाही. अर्जात "रक्कम नॉमिनीस देण्यास हरकत नाही" एवढेच लिहिले असेल तर तो एक भाग झाला. "मी माझा हक्क सोडत आहे" असे शब्द असतील तर तो पूर्णपणे वेगळा भाग झाला. पहिल्यावर सही करून बँकेचे काम मोकळे करता येईल. दुसरे वाक्य असेल तर ते खोडायला लावा किंवा वकिलांना दाखवा.

भावाने दिलेल्या ११,४०० रुपयांबद्दल घरात कटुता आणू नका, पण पावती जपून ठेवा. आण्णांनी हयातीत पिन वापरण्यास सांगितले असले तरी तशी परवानगी माणसाबरोबर संपते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ मध्ये तसे आहे. त्यामुळे त्या पिनने यापुढे एक रुपयाही हलवू नये. मात्र शेवटच्या आजारपणाचा आणि अंत्यविधीचा वाजवी खर्च मृताच्या मालमत्तेतून, इतर देण्यांच्याही आधी भागवावा, असे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात आहे. म्हणजे खर्च योग्य होता, वाट चुकली. आता मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत जा. नॉमिनी असताना बँकेने वारस प्रमाणपत्राचा आग्रह धरू नये आणि कागद पूर्ण असल्यास पंधरा दिवसांत दावा निकाली काढावा, असे रिझर्व्ह बँकेने २००५ मध्येच बजावलेले आहे. आण्णांच्या नावे अजून काही रक्कम यायची असेल तर ती "कै. अमुक यांची मालमत्ता" अशा नावाच्या खात्यात घेण्याचीही सोय त्या २००५ च्या परिपत्रकात दिलेली होती.

नंबरबाबत माझे मत असे की, बँक, गॅस, वीजबिल हे सारे मार्गी लागेपर्यंत तो बंद पडू देऊ नका, पण आण्णांच्या नावावरही ठेवू नका. मृत्यूचा दाखला, वारसांचे ना-हरकत पत्र आणि आईची ओळखपत्रे दिली की तोच नंबर आईच्या नावावर होतो.

उत्तर २
मोबाइल दुरुस्तीवाला, महाद्वार रोड

काकांनी कायद्याचे सांगितले, मी यंत्राचे सांगतो. ताई, गजर सिमकार्डात नसतो, तो फोनमध्ये असतो. उद्या रिचार्ज संपले, सिम काढून टाकले, तरी पहाटे साडेपाचला तो वाजणारच. व्हॉइस मेसेजही हँडसेटमध्येच उतरलेले असतात. म्हणजे आपल्या घरात जो वाद चालू आहे, त्यात नंबर आणि फोन या दोन निराळ्या गोष्टींची गाठ पडली आहे. मावशींना हवा आहे तो फोन आणि आपल्या भावाला हवा आहे तो नंबर.

नंबर नुसता सोडून मात्र देऊ नका. प्रीपेड नंबर नव्वद दिवस वापरात नसला की कंपनी तो बंद करते आणि काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देते. व्हॉट्सॲपचे खातेही साधारणपणे १२० दिवस निष्क्रिय राहिले की पुसले जाते. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, त्यांच्या वारलेल्या भावाच्या नंबरावर एके दिवशी कोण्या अनोळखी तरुणाचा दुचाकीसह फोटो दिसू लागला आणि त्यांची आई दिवसभर जेवली नाही. त्या मुलाची त्यात काहीच चूक नव्हती.

म्हणून आधी ते त्रेचाळीस मेसेज बाहेर काढून घ्या. त्या संभाषणात 'एक्स्पोर्ट चॅट' निवडून 'मीडियासह' म्हटले की आवाजाच्या फाइली मिळतात. त्यांच्या नावाच्या शेवटी ओपस असे असते. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक आपल्या संगणकावर ठेवा. फोन फॉरमॅट करू नका आणि व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकण्याचा खटाटोपही कोणाला करू देऊ नका.

विचारले नाही तरी सांगतो: तो फोन देवघराच्या कोनाड्यातून आजच हलवा. जुनी बॅटरी वर्षभर रोज रात्रभर चार्जिंगला असेल तर ती फुगते. मागचे झाकण किंचित उचलल्यासारखे दिसते का, सपाट फरशीवर ठेवल्यावर फोन डुलतो का, ते पाहा. शेजारी तेवता दिवा, वर कापडी झालर आणि खाली फुगलेली बॅटरी, हे मी डोळ्यांसमोर आणूनच घाबरलो. बॅटरी बदलून मिळते, आतले काही जात नाही.

उत्तर ३
घाटाजवळ राहणारा

चुलत्यांचे मत आणि चिरंजीवांची कल्पना, या दोन्हींबद्दल थोडे लिहितो.

आमचे घर पंचगंगेच्या स्मशानभूमीपासून फार दूर नाही. रक्षाविसर्जनाच्या सकाळी नैवेद्य ठेवून माणसे कावळ्याची वाट पाहत उभी असतात, हे लहानपणापासून पाहत आलो आहे. कावळा शिवत नाही तसतशी एकेक जण पुढे येऊन बोलू लागतो: आईला सांभाळीन, धाकट्याचे लग्न करून देईन, बांधाचा वाद मिटवीन. एकदा तर दोन सख्खे भाऊ, जे वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नव्हते, ते तेथे उभ्या उभ्या बोलू लागले आणि कावळा आला. तो भुकेने आला की आणखी कशाने, हा प्रश्न मी कोणाला विचारणार नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की त्या सगळ्या विधीत बोलतात ती मागे राहिलेली माणसे. गेलेला माणूस बोलत नाही. श्राद्धातही असेच आहे. वडील, आजोबा आणि पणजोबा, अशा तीन पिढ्यांची नावे आपण उच्चारतो, पाणी आपण सोडतो. बोलणारे आपणच असतो.

ताई, आपल्याला जे पटत नव्हते ते बहुधा हेच असावे. आण्णांचे जुने मेसेज ऐकवणे ही आठवण झाली, कारण ते शब्द त्यांचे आहेत. नव्या वाक्यांना त्यांचा आवाज लावणे म्हणजे त्यांच्या तोंडी आपले शब्द घालणे होय, आणि ज्या घरात ठेवीचा वाटा अजून ठरायचा आहे तेथे तर हे फारच जपून करावे. आज दोन मिनिटांचा आशीर्वाद झाला, उद्या कोणी त्याच आवाजात "ठेव धाकट्यालाच द्या" असे म्हणवून घेतले तर?

कायदा येथे फारसा मदतीला येत नाही. एका दिवंगत अभिनेत्याच्या वडिलांनी केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये असे मत दिले की, खासगीपणाचा आणि प्रसिद्धीचा हक्क त्या व्यक्तीबरोबरच संपतो, वारसांकडे येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात आपल्या मृत्यूनंतर आपले हक्क कोणी वापरावेत यासाठी माणूस नेमण्याची तरतूद आहे, पण ती नेमणूक हयातीत करायची असते. आण्णांनी ती केलेली असणे शक्य नाही. तेव्हा परवानगी द्यायची की नाही हे घरानेच, आणि माझ्या मते एकट्या आईनेच, ठरवावे.

चुलत्यांना दुखवू नका, पण रीत बदलत नाही असेही मानू नका. नदी घाण होऊ नये म्हणून रक्षा शेतात खड्ड्यात टाकून तिच्यावर झाड लावणारी घरे आपल्याच जिल्ह्यात आहेत. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, कुंकू पुसणे आणि बांगड्या फोडणे थांबवले, आणि त्याच महिन्यात शासनाने साऱ्या राज्यातल्या ग्रामपंचायतींना तसे करण्याचे परिपत्रक काढले. जेथे बांगड्या राहू शकतात तेथे एक फोनही राहू शकेल.

उत्तर ४
नातू, उत्तरेश्वर पेठ

घाटाजवळच्या काकांचे विचार योग्य आहेत, पण मी हा उद्योग प्रत्यक्ष करून पाहिला आहे म्हणून लिहितो. आजोबांच्या आवाजाचे दहा-बारा तुकडे देऊन मी तसा आवाज तयार करवला होता. आवाज हुबेहूब आला, खोकल्यासारखी बारीक खरखरसुद्धा आली. परंतु आमचे आजोबा उभ्या जन्मात "तू काय करीत आहेस?" असे कोणाला म्हणाले नव्हते, ते "काय करालाईस रं?" असे विचारत. यंत्राने त्यांना प्रमाण मराठीत बोलायला लावले. आजीने अर्धे ऐकले आणि "हे कुठले पुण्याचे पाहुणे?" असे विचारून ती स्वयंपाकघरात निघून गेली. मी ती फाइल पुसून टाकली. यंत्रे सुधारतील आणि उद्या "करालाईस"सुद्धा म्हणतील, तेव्हा काय करायचे हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पुन्हा प्रश्नकर्ती
थोरली लेक, कसबा बावडा

सर्वांचे मनापासून आभार. अर्जात "हक्क सोडत आहे" अशीच ओळ होती. भावाला ती ठाऊक नव्हती, असे तो म्हणाला आणि मी त्यावर विश्वास ठेवला. ती ओळ खोडून, बाजूला दोघांच्या सह्या करून सोमवारी आम्ही दोघे बँकेत जाणार आहोत. तुझाही वाटा आहे, असे आजीला सांगितले तेव्हा तिने आधी पोराच्या पैशाला हात लावणार नाही म्हणून सांगितले, आणि संध्याकाळी हळूच किती येतात म्हणून विचारले.

मेसेज काढून घेतले. त्रेचाळीस नव्हे, एक्केचाळीस निघाले. दोन उघडतच नाहीत. माझा मुलगा माझ्या आईजवळ बसून एकेक लावत होता. त्यांत आशीर्वाद कुठेच नाही. बहुतेक सारे मंडईतून पाठवलेले आहेत: कोथिंबीर महाग आहे, घेऊ का, गॅसवाला आला होता का, छत्री विसरलो. आईने त्यातला कोथिंबिरीचा तीनदा लावायला सांगितला आणि पाहुण्यांसमोर यातला एकही लावायचा नाही, असे मुलाला बजावले. त्यानेही वाद घातला नाही. नंबर तिच्या नावावर करण्याचे कागद तयार आहेत.

फोनचे मागचे झाकण खरोखरच उचलले गेले होते. महाद्वार रोडवरच्या दादांनी सांगितले म्हणून त्याच दिवशी तो कोनाड्यातून काढला. बॅटरी बदलून आणेपर्यंत दोन दिवस गजर झाला नाही, आणि भाऊ सांगत होता की दोन्ही दिवस आई साडेपाचला उठून बसलेली होती.