झेंडूला ‘आफ्रिकन’ म्हणणं बंद करायला नको का?

गच्चीवरची_बाग: काल नर्सरीत गेले तर एका ट्रेवर पाटी ‘आफ्रिकन’, शेजारच्यावर ‘फ्रेंच’. अहो दोन्ही झेंडू मूळचे मेक्सिकोकडचे! मधल्या मुक्कामांची नावं चिकटली आणि आपण तीच गिरवतोय. दसऱ्याला आपल्या दारात तोरण ज्याचं लागतं त्याला परक्या मुलखाचं आणि तेही चुकीचं नाव कशाला? मोठा तो झेंडू, बारका तो मखमल, माझी आजी असंच म्हणायची.

काळी_माती: अक्का, गाव चुकलं असेल पण शेतात नाव म्हणजे ओळख असते. टोमॅटोच्या १६ ओळींमागं १ ओळ झेंडू लावतो, टोमॅटोचं रोप २५ दिवसांचं आणि झेंडूचं ४० दिवसांचं, म्हणजे दोघं एकदम फुलावर येतात आणि फळ पोखरणारी अळी झेंडूवर जाते. त्याला उंच आफ्रिकनच लागतो. दुकानात मखमल म्हणलं तर कुणाला कळत नाही, उगं दुसरंच बी हातात पडलं तर हंगाम गेला.

पूर्वभाग_सोलापूर: आमच्या घरी तेलुगू, आम्ही बंती म्हणतो. बतुकम्मा, म्हणजे आमच्या सणाला फुलांचा थरांचा मनोरा, रचायला बसलं की ताटात बंतीचा ढीग असतो, बोटांना तो उग्र वास रात्रीपर्यंत राहतो. बंती म्हणजे चेंडू. शेजारचे कन्नडवाले चेंडू हूवु म्हणतात, हिंदीत गेंदा, तोही गेंद म्हणजे चेंडूवरनंच. फूल हातात घेऊन जे दिसलं तेच नाव पडलं, देश कुणी विचारला नाही, मला तर हीच नावं खरी वाटतात.

कुंडीतली_हिरवळ: आफ्रिकन राहू द्या एकवेळ, ‘मॅरिगोल्ड’ हे इंग्रजी नाव आधी काढा! मी त्या नावाचं पाकीट आणलं, आत झेंडूचं काळ्या काडीसारखं पांढऱ्या शेपटीचं बी नव्हतंच, वाकडं नखासारखं निघालं, म्हणजे कॅलेंडुला. पान अखंड, चिकट. ते झाडच वेगळं, तोरणाला काय कामाचं?

गच्चीवरची_बाग: @काळी_माती दादा, वनस्पतीशास्त्रज्ञ लिनिअसनं १७५३ मध्ये तुमच्या आफ्रिकनला टॅजेटस इरेक्टा हे शास्त्रीय नाव दिलं, इरेक्टा म्हणजे ताठ उभा. तुम्हाला उंचीच पाहिजे ना, मग पाटीवर ‘उंच झेंडू’ लिहू द्या की.

काळी_माती: नाही जमत अक्का. आता आफ्रिकनमध्येच कुंडीसाठी बुटके हायब्रीड आलेत, झाड फूटभर आणि फूल मुठीएवढं, ते उंचच्या पाटीखाली कसं ठेवणार?

गच्चीवरची_बाग: मग ‘मोठ्या फुलाचा’ लिहा आणि खाली उंची किती ते लिहा. मेक्सिकोच्या झाडाला आफ्रिकन मी तरी म्हणणार नाही.